सर्व्हरचं घर पाहायला

माझ्या साडूंइतका अविश्वासू माणूस वर्धा जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि अविश्वासापायी इतके कष्ट उपसणारा तर अख्ख्या विदर्भात नसेल. सिंदी रेल्वे या गावी त्यांचं कापसाचं जिनिंग. जे हाताला लागत नाही ते आपलं नाही, हा त्यांचा एकमेव सिद्धांत. थोर पंडितांचे सिद्धांत याहून कमी टिकतात. गाठी परगावी पाठवल्या की ते ड्रायव्हरशेजारी बसून सोबत जात आणि तिथल्या गोदामाचं छप्पर गळतं का, हे पाहत. पावसाळा नसला तर कुणाला तरी वर चढवून बादलीभर पाणी ओतायला लावत. एकुलत्या एका लेकीचं पुण्यात जुळत आलं, तेव्हा घर पाहायला आम्ही दोघं गेलो. मी रीतीप्रमाणे पोहे खाल्ले. साडू स्वयंपाकघरातला नळ सोडून आले, मग गच्चीवर जाऊन टाकीत कोपरापर्यंत हात घालून आले. ओल्या बाहीनिशीच ते व्याह्यांना म्हणाले, "पानी बरं हाय. आमची पसंती."

ही लेक म्हणजे जिनिंगचा मेंदू. कॉलेजात असल्यापासून कापसाची आवक, सरकी, गाठी हे सगळं ऑफिसातल्या एकमेव कॉम्प्युटरवर तीच सांभाळी. त्या कॉम्प्युटरात धुळीऐवजी रुई जाई. अधूनमधून खोका उघडला की तान्ह्या बाळाची उशी भरेल एवढा कापूस निघे, आणि साडू तोही आवारातल्या कापसाच्या गंजीवर नेऊन टाकत. तिच्या लग्नानंतरच्या पहिल्याच हंगामाच्या तोंडावर तो खोका कायमचा बसला. आता मार्ग दोन होते. ऑफिसातच नवं मोठं मशीन आणून त्यात सॉफ्टवेअर टाकायचं. म्हणजे ते चालवायला इथलाच माणूस नेमायचा आणि लेकीचा जिनिंगशी संबंध संपला. नाहीतर सगळा कारभार पुण्यातल्या एका कंपनीच्या सर्व्हरवर ठेवून इंटरनेटवरून पाहायचा. मग लेक तिकडून काम बघू शकत होती. "बाबा, मला कामातून काढू नका," एवढंच ती फोनवर म्हणाली. लग्नाआधी ती 'मले' म्हणायची. साडूंनी रिसीव्हर ठेवला आणि पुण्याच्या कंपनीला माणूस पाठवायला सांगितलं.

कंपनीचा तरुण सिंदीला आला तो टाय लावून. अर्ध्या तासात टायला इतकी रुई चिकटली, की तो मफलर दिसू लागला. त्याचं सगळं ऐकून घेऊन साडूंनी विचारलं, "हे समदं ठीक हाय. पण आमचं राहीन कुठी?"

"सर, अत्यंत सुरक्षित डेटा सेंटरमध्ये."

"त्याले दार हाय ना? मंग येतो मी पाहाले." आणि माझ्याकडे वळून, "साडभाऊ, पोरगी देली तं टाकीत हात घातला. इथं तं सारं जिनिंग देऊन राह्यलो."

महिनाभर फुकट वापरायची मुभा मिळाली, मुनीम उसन्या कॉम्प्युटरवरून रोजची आवक त्यात भरू लागला, आणि आम्ही पुणं गाठलं. आत कुणालाच सोडत नाही, असं कंपनीने नम्रपणे सांगितलं. साडूंनी तितक्याच नम्रपणे सोफ्यावर मांडी घातली आणि पोळी-ठेच्याचा डबा उघडला. ठेच्याचा वास साहेबांच्या केबिनपर्यंत गेला असावा. दुपारी साहेब स्वतः आले आणि काचेतून कपाटं दाखवली. आत दिवे लुकलुकत होते. जनरेटर सुरू होतो का हे पाहण्यासाठी साडूंनी लाइट बंद करायला सांगितली. ती कुणी केली नाही.

"दार उघडत नाई, लाइट बंद करून दाखवत नाई," बाहेर येताच निकाल लागला. "अशा घरी आपण सोयरीक करत नाई. मशीन ऑफिसातच बसंल." साडूंनी संपवलेला विषय पुन्हा काढणं सरकारलाही जमलेलं नाही.

संध्याकाळी लेकीकडे गेलो. मला मावसाजी म्हणणारी पोरगी आता काका म्हणू लागली होती. "काका, साखर पुरेशी आहे ना?" तिने विचारलं, आणि मी उगीच ताठ बसलो. बाप निकाल कसा सांगावा या विचारात होता. तेवढ्यात तिने सवयीने कॉम्प्युटर उघडला, सिंदीचे त्या दिवसाचे आकडे पाहिले आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"बाबा, आज आवक एवढी कमी काऊन हाय? वजनकाटा बंद पडला का? अन् गंजीवर ताडपत्री टाकाले सांगतली का नाई?"

साडूंचा कप ओठाजवळच थांबला. "टाकली वं माय," ते म्हणाले.

परतीच्या गाडीत पुलगाव आलं तशी साडूंनी पिशवी आवरायला घेतली. मग म्हणाले, "साडभाऊ, पुण्याचंच घेऊ."

"पण तिथलं तर काही धड दिसलं नाही आपल्याला."

"आपल्याले नाई दिसत. तिले इथचं दिसते ना."

पुढे कित्येक हंगाम तसंच चाललं. सिंदीची फोन-इंटरनेटची लाइन बंद पडली की साडू डबा घेऊन टेलिफोन एक्स्चेंजात जाऊन बसत आणि ती सुरू झाल्याशिवाय उठत नसत. मग ऑफिसात येऊन फोनची वाट पाहत. ताडपत्री दुपारीच टाकलेली असे. पण लेकीने विचारल्याशिवाय ते सांगत नसत.