अप्पांनी वाण विचारलं

विमानतळाच्या काचेच्या दारापाशी शिपायाने माझ्या वडिलांना अडवलं. तिकीट नाही तर आत नाही. अप्पा हसनाबादहून पहिली एसटी धरून संभाजीनगरपर्यंत मला सोडायला आले होते, मांडीवर ज्वारीच्या पिठाचा डबा सांभाळत. तो डबा माझ्या हातात देऊन ते त्या शिपायालाच सांगायला लागले, "पोरगी डॉक्टर हाय माझी. पहिल्यांदा इमानात बसून राह्यली. जरा नीट बसवा." शिपाई हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी झपाझप आत गेले आणि मागे वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर मिझोरामची नोकरी राहिली असती बाजूला, दुपारच्या एसटीने दोघं घरी परत आलो असतो.

गावाकडचे तुम्ही विचारता, तिकडं कसं हाय. तर ऐका. आयझॉलमध्ये सपाट जमीनच नाही. आपल्या भोकरदन तालुक्यात बांधावर उभं राहिलं की कापसाच्या रानावरून नजर पार आभाळापर्यंत जाते. इथे माझ्या खिडकीखाली एकाचं छप्पर आणि डोक्यावर दुसऱ्याच्या घराचा पाया. थंडीत पाच वाजायच्या आत अंधार. माणसं फार सभ्य, कोणी ओरडत नाही, गाडीवाला हॉर्नसुद्धा वाजवत नाही. खरं सांगते, पहिल्या वर्षी एखादं कडकडून भांडण ऐकायला माझे कान आसुसले होते. उकडलेल्या पालेभाजीला इथे 'बाई' म्हणतात. हे अप्पांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "रोज बाई खाती? कमाल हाय बा तुझी." आणि खोकला येईपर्यंत हसले. आई मी शाळेत असतानाच गेली, त्यामुळे असलं काहीबाही सांगायला मला तेवढे एक अप्पाच होते.

मी पॅथॉलॉजिस्ट. रोग्याला न भेटता त्याचा रोग बघणारी. इथे जठराच्या कॅन्सरचे रोगी फार. दुर्बिणीतून काढलेला जठराचा तुकडा पातळ कापून, गुलाबी-जांभळा रंगवून माझ्या टेबलावर येतो. अप्पा जालना एमआयडीसीत बियाण्याच्या प्लांटवर आयुष्यभर ग्रेडिंगच्या मशीनवर होते, एकेका वाणाचं बी चाळत, निवडत. बियाण्याला लावायच्या औषधाने त्यांचे हात कायम गुलाबी. मी माझं काम समजावायला लागले, तर मला मध्येच थांबवून म्हणाले, "म्हंजे तू बी वाणच पाह्यती."

तसंच आहे ते. जठराचा कॅन्सर म्हणजे काही एकच रोग नाही. एका प्रकारात पेशी एकमेकींना धरून राहतात, त्यांची गाठ होते, गाठीला हद्द सापडते आणि साधारणपणे तो सावकाश चालतो. दुसऱ्यात कोणी कोणाला धरतच नाही. पेशी सुट्या सुट्या जठराच्या भिंतीत शिरत जातात. प्रत्येकीत चिकट द्रव भरतो, तिचं केंद्र एका कडेला दाबलं जातं आणि ती खड्याच्या अंगठीसारखी दिसते. अगदी सुरुवातीला, वरच्या अस्तरात असतानाच सापडला तर हाही बरा होतो, उगाच नावाला घाबरू नये. पण उशिरा सापडला तर बहुतेक वेळा पोटातल्या पडद्यावर पसरलेला असतो, आणि औषधालाही तितकीशी दाद देत नाही. सुट्या पेशींवरून मला कधीकधी माझीच आठवण येते. मग मी स्वतःला म्हणते, पुरे, काम कर.

अप्पांचं जेवण तुटलं. दोन घासांत पोट भरल्यासारखं व्हायचं. माझा धाकटा भाऊ मिलिंद सळयांच्या मिलमध्ये कामाला आहे. तो खाडे करून त्यांना संभाजीनगरला घेऊन गेला. तिथे दुर्बीण झाली, मग पोटाला बारीक छिद्र पाडून पडद्याचाही तुकडा काढला. स्लाइड मी कुरिअरने मागवून घेतल्या. मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि लगेच कळलं. सगळीकडे अंगठ्याच अंगठ्या, पडद्याच्या तुकड्यातही. शेजारच्या डॉक्टरणीला मी कोणाच्या ते न सांगता स्लाइड दाखवली. तिने क्षणात तेच नाव घेतलं आणि चहाला येतेस का म्हणून विचारलं. मी गेले चहाला. काय करणार?

मिलिंद फोनवर म्हणाला, "ताई, त्यांला काई सांगू नको. अल्सर हाय म्हणून सांगितलंय मी." आपल्याकडे हीच तऱ्हा. सगळ्या घराला माहीत, फक्त ज्याचं पोट त्याला नाही. मी भडकले. "मंग केमो लावल्यावर काय सांगशील? अल्सरची सलाईन हाय म्हणून?" तो रडायला लागला. मी फोन ठेवून तिकीट काढलं.

मी घरी पोचले तेव्हा अप्पा अंगणात बाजेवर होते, वाळून अर्धे झालेले. मिलिंद औषधं आणायला गेल्याबरोबर त्यांनी मला जवळ बसवलं.

"अल्सरसाठी कोणी मिझोरामहून येत असतं व्हय? सांग. वाण कोणतं हाय?"

मी आजवर एकाही रोग्याला निदान तोंडाने सांगितलेलं नव्हतं. मी लिहून देते, सांगतं दुसरंच कोणी. त्यातून माझे सगळे शब्द इंग्रजी. शेवटी म्हटलं, "अप्पा, कॅन्सर हाय. वाण खराब हाय. पसरून गेलंय, कापून काढता यायचं न्हाई. औषधानं काई दिवस वाढतीन."

"बरं व्हईन का?"

"न्हाई."

त्यांनी माझा हात धरला. "बराबर सांगितलं," म्हणाले. "मिल्याला रागवू नको, जीव घाबरट हाय त्याचा." मग म्हणाले, "माझं झालं. आता तुझं सांग. तिथं कोण हाय तुला?"

"लै जण हायेत अप्पा. शेजारीण हाय, लॅबमधल्या पोरी हायेत. एकटी बिलकुल न्हाई मी."

इतकं ठणकावून मी त्यांचं निदानही सांगितलं नव्हतं. ते "बरं" म्हणाले आणि डोळे मिटले. मला वाटलं, पटलं.

केमो त्यांनी थोडी घेतली, मग नको म्हणाले. कापसाची वेचणी चालू असताना गेले. मी जवळ होते, तेवढं तरी झालं. मग मी परत आले.

रविवारी आयझॉल बंद असतं. दुकानं बंद, टॅक्सी नाहीत, सगळे चर्चला. त्या दिवशी माझ्या घरात कुकरच्या शिट्टीशिवाय कोणी बोलत नाही. अप्पा गेल्यापासून रविवारी मिलिंदचा फोन येतो. आधी आमचं असं काही नव्हतं, कामापुरतं बोलायचो. आता काय जेवली, थंडी हाय का, इकडं तूर बरी हाय, एवढं झालं की दोघांचंही बोलणं संपतं. पण तो फोन ठेवत नाही. पलीकडे टीव्ही चालू असतो, त्याची बायको पोरांवर ओरडत असते, कोणीतरी हंडा आपटतं. ते ऐकत मी भाकरी थापते. हल्ली माझं घर म्हणजे तेवढंच.

मागे एकदा म्हटलं, "अरे, मिलमध्ये इतका दमतो तू, दर ऐतवारी कशाला? मी बरी हाय."

त्याने टीव्हीचा आवाज कमी केला. मग म्हणाला, "अप्पा सांगून गेल्ते ताई. ऐतवारी तिला फोन करत जा म्हणले. पोरगी खोटं बोलून राह्यली, तिथं कोणी न्हाई तिचं."