तीन फूट जागेच्या बदल्यात आठ शाली

शोभाताईंच्या घरी वर्षभरात ना लग्न झालं ना मुंज, तरी कपाटात सात नव्या शाली, आणि नारळ तर इतके की इडली नसली तरी चटणी असतेच. गल्लीत कोणी खोदून विचारलंच तर त्या म्हणतात, "पालिकेनं दत्तक घेतलं वं मले." आणि मोठ्यानं हसतात. एवढं मोठ्यानं की समोरच्याला कळावं, हसू काही आलेलं नाही.

धंतोलीतल्या दवाखान्यांत अख्ख्या विदर्भातून पेशंट येतात. पेशंटला सलाइन मिळते. सोबतचे नातेवाईक जिन्यावर बसून बिस्किटांवर दिवस काढतात. सहा वर्षांपासून शोभाताई त्यांना जेवणाचे डबे पुरवतात. डबे गार व्हायचे म्हणून त्यांनी गांधीबागेतून कापडाचे तुकडे आणले, आत कापूस भरला आणि डब्यासाठी गोधडीची पिशवी शिवली. सकाळी नऊला भरलेली खिचडी दुपारी एकला उघडा, चष्मा धुरकट होतो. डोकं बाईंचंच, नवऱ्याचा त्यात टाकाही नाही. ते बिचारे फक्त चव बघतात.

अडचण एकच. दवाखान्याच्या फाटकाशी स्कूटी लावली की पहारेकरी हाकलतो. म्हणून त्या पालिकेत अर्ज घेऊन गेल्या: फाटकाबाजूला टेबल मांडायला तीन फूट जागा द्या. तो अर्ज पडला नवउद्योग कक्षाच्या पुष्करसाहेबांच्या हाती. साहेबांनी अर्ज बाजूला ठेवला आणि पिशवीच उलटून पालटून पाहिली. "ताई, ही तर नवकल्पना!" जागा राहिली कागदावर, पहिली शाल पडली खांद्यावर.

तेव्हापासून दर मंगळवारी अकराला साहेबांसोबत पिशवी बघायला घरी पाहुणे. कधी दुसऱ्या गावचे नगरसेवक, कधी कॉलेजचे प्राध्यापक. अकरा म्हणजे नेमकी डबे निघायची वेळ.

"साहेब, मी डबे देऊन येऊ का?"

"ताई, तुम्हीच नसलात तर दाखवायचं काय? आणि जागेच्या फाइलवर तुमचा सहभाग बघतात हो."

मग त्या बसतात. दाराशी छत्तीस डबे गोधड्या पांघरून जागच्या जागी, आत शोभाताई शाल पांघरून जागच्या जागी.

या मंगळवारी मात्र त्यांनी डाव रचला. सुनेला, रितिकाला, हळूच म्हणाल्या, "एक डबा उघडा ठेव पंख्याखाली. पाहुण्यांले थंडीगार खिचडी वाढू. पिशवी फेल, मी मोकळी."

"आई, नाक जाईल ना!"

"जाऊ दे वं. नाक ठेवून का करू? मंगळवार तरी हाती येईन."

पाहुण्यांच्या म्होरक्यानं घास घेतला. चावायचं थांबला. "ही... गार आहे."

शोभाताईंनी मान खाली घातली, पदरात ओठ दाबले. सुटले एकदाची! पण वर बघतात तो पुष्करसाहेबांचे डोळे चमकलेले.

"अपयश! सर, हाच तर सगळ्यात मोलाचा टप्पा!" टाळ्या पडल्या. "घाबरू नका ताई. सहा महिने मार्गदर्शन देऊ. आता गुरुवारीही येऊ, तज्ज्ञ घेऊन."

आठवी शाल. नारळ.

"आन् जागा, साहेब?"

"मार्गदर्शन पूर्ण झाल्याशिवाय फाइल पुढे कशी सरकेल?"

दीड वाजता शोभाताई फाटकाशी पोचल्या. उरलेले पस्तीस डबे अजून वाफाळत होते. पहारेकरी यायच्या आत त्यांनी भराभर वाटायला घेतले. पायरीवर रामाजी बसले होते, गडचिरोलीकडचे म्हातारे. बायको दीड महिन्यापासून वरच्या मजल्यावर. डबा पुढे केला तर त्यांनी हात जोडले.

"काहून जी रामाजी? रागावले?"

"राग कायचा बाई. मंगळवारी तुमचा नेम नसते. अकरापासून पोटात कावळे वरडून राहिले असतात. म्हनून म्या मंगळवारचा उपासच धरला. लोकं पुसतात, कोन्या देवाचा? मी सांगतो, पालिकेचा."

पायरीवरचे सगळे हसले. शोभाताईही हसल्या. तेवढ्यात पहारेकऱ्यानं काठी आपटली, "ओ बाई, चला, गाडी हटवा."

त्यांनी स्कूटी चालू केली. आठवी शाल काढायची राहूनच गेली होती. ती चाकात जाऊ नये म्हणून त्यांनी कमरेला खोचली.

"रामाजी," त्या म्हणाल्या, "गुरुवार बी धरा."