सिनेमात काढलेला टॅग

देवगाव रंगारीची प्रेरणा शेंद्र्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात माल तपासायची. दुचाकीच्या सुट्या भागांची पेटी टेबलावर आली की एकेक भाग मापाच्या गेजमध्ये घालून बघायचा. नीट बसला तर माल पुढं, नाहीतर पेटीला लाल टॅग. टॅग लागलेली पेटी तिच्या सहीशिवाय जागची हलत नसे. घरी-दारी तिला कुणी विचारत नव्हतं, पण त्या टेबलावर तिचा शब्द चालायचा.

माल बनवणाऱ्या खात्याचा सुपरवायझर सुदर्शन तिचा वैरी. टॅग दिसला की तो तरातरा यायचा आणि आवाज चढवायचा. तीही त्याच्या मशीनपासून विरळ होत चाललेल्या केसांपर्यंत सगळं काढायची.

या भांडणावर हिशेब खात्यातल्या विश्वजीतनं कथा लिहिली. ती दिवाळी अंकात आली तेव्हा कारखान्यात कुणी वाचली नाही. मग त्या कथेवर सिनेमा निघाला आणि सिनेमावाल्यांनी शेवट बदलला. नायिका प्रेमात पडते, नायकाच्या पेटीवरचा टॅग स्वतःच्या हातानं काढते आणि पुढच्या दृश्यात मंडपात उभी राहते.

लग्नाचं प्रेरणाला एवढं लागलं नाही. तिनं विश्वजीतला जिन्यात गाठलं.

"लग्न लावा नाहीतर बारसं करा. पण त्या पेटीतला खराब माल कुठं गेला?"

शेवट आपला नाही, एवढंच तो पुटपुटला.

तेव्हापासून टॅग लावला की मशीनवरचा मुनीब हसायचा. "मॅडम, पिक्चर में तो खुद निकाले थे आप." माणसं टॅग लागलेल्या पेट्या बिनदिक्कत पुढं ढकलू लागली, आणि तिला त्या गेटवरून माघारी आणाव्या लागत. इकडं सुदर्शनचा चांगला मालही वशिल्यानं पास होतो, असं बोललं जाऊ लागलं. दोघांनी आपापल्या परीनं एकच उपाय केला. भांडणं बंद, बोलणं बंद. कारखान्याला वाटलं, रुसवा आहे.

शेवटी मॅनेजरनं तिला बोलावून घेतलं. असं नातं असेल तर तपासणीवर ठेवता येणार नाही, उद्यापासून स्टोअरला बसा, म्हणाला.

"नातं नाहीच. आणि असतं तरी मीच का?"

"सुदर्शनशिवाय लाइन चालत नाही."

ती स्टोअरला जाऊन खिळे-नटांच्या खोक्यांत बसली. तिच्या जागी आलेला माणूस गरीब स्वभावाचा होता. सुदर्शननं डोळे वटारले की तो सही करायचा. पहिले काही दिवस सुदर्शन खुशीत होता. मग गिऱ्हाईक कंपनीनं अख्खा ट्रक परत पाठवला.

मॅनेजरनं सगळ्यांसमोर त्याला झापलं. सुदर्शननं खाली मान घालून ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तपासायला माणूस द्या. सही करणारा नको."

"म्हणजे कोण पाहिजे?"

आजूबाजूची मशीनं थांबली होती. आता नाव घेतलं तर लोक काय म्हणतील, हे सुदर्शनला पुरतं ठाऊक होतं.

"प्रेरणा मॅडम," तो म्हणाला.

मुनीबनं शिट्टी मारली.

ही बातमी स्टोअरमध्ये पोचायच्या आधी सुदर्शनच पोचला. दारातूनच म्हणाला, "उद्यापासून टेबलावर बसा. मॅनेजरनं सांगितलंय."

"माझं नाव घ्यायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं? आता अख्खा शेंद्रा जेवायला बोलावील आपल्याला जोडीनं."

"मग बसा इथंच. मला काय हौस नाय."

"हौस नाही तर एवढा माल खराब कसा काढलात? मी असते तर एक पेटी गेटबाहेर गेली नसती."

"म्हून तर आलो," तो खेकसला.

त्यानं हे कबूल केलं म्हणून तिला त्याचा आणखीच राग आला. तिनं स्टोअरच्या किल्ल्या खुंटीला अडकवल्या.

"येते. पण चहाला विचारायचं नाही."

"कोण विचारतंय?" सुदर्शन म्हणाला, आणि ती बाहेर पडेपर्यंत दार धरून उभा राहिला.