डाव्या हाताचे पापड

इंझोरीत कुणाकडे पापड असले, की पहिलं बोलावणं दुर्गाबाईंना यायचं. मग त्यांना लकवा मारला आणि उजवा हात गेला. वाशिमहून येणाऱ्या थेरपिस्ट धम्मदीपाने त्यांना हिवाळाभर डाव्या हाताने लाटायला शिकवलं. पोळपाट सरकू नये म्हणून खाली ओलं फडकं घालायचं.

उन्हाळ्यात शेजारच्या रंजीताकडे बाया पापडाला जमल्या. बोलावणं आलं नाही, तरी दुर्गाबाई धम्मदीपाला घेऊन गेल्या. रंजीताने लगबगीने खाट टाकली. "काकू, तुमी कायले तरास घेता? बसा निवांत."

"त्यायले लाटता येते. तुमच्यात बसू द्या," धम्मदीपा म्हणाली.

बाया सरकल्या. दुर्गाबाईंनी एक पापड लाटला. गोल झाला, पण जरा जाड. रंजीताने तो हळूच उचलून पुन्हा लाटला. दुसराही तसाच. तिसऱ्या लाटीला दुर्गाबाईंनी हात लावला नाही.

परतताना धम्मदीपा म्हणाली, "मी रंजीताताईशी बोलून पाहीन, मावशी."

"काय बोलशीन? तिनं काई वाईट केलं नाई. तिले माही कीव येते, पोरी. त्याचा व्यायाम हाये का तुह्यापाशी?"

त्या उन्हाळ्यात दुर्गाबाई पुन्हा कुणाकडे गेल्या नाहीत.