मानपत्रातली आगगाडी

स्पष्टच सांगते. चूक माझी होती आणि ती अजाणता झालेली नव्हती.

पुण्यात कॉलेजच्या वर्षांत मी पत्रकं लिहिली. हॉस्टेलच्या फीवाढीवर, मेसमधल्या पाण्यावर, कंत्राटी सफाई कामगारांवर. पत्रकाचा नियम सोपा असतो: एक चेहरा, एक गोष्ट, एक मागणी. दोन माणसं घातली की वाचणारा कागद खिशात कोंबून पुढे चालू लागतो. शिक्षण संपवून दुबईला आईबाबांकडे परत आले, तेव्हा बॅगा गाडीत ठेवायच्या आधीच आईने बजावलं, "इथे पत्रकबित्रक काही चालणार नाही. खलास." आम्ही शहराच्या टोकाला, दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्क नावाच्या वस्तीत राहतो. सकाळी खिडकीतून जबल अली बंदराकडे जाणाऱ्या कामगारांच्या बस दिसायच्या, काचेला डोकं टेकून झोपलेली माणसं दिसायची आणि माझे हात शिवशिवायचे.

मग आईनेच काम शोधलं. पलीकडच्या बिल्डिंगमध्ये एक फ्रेंच इंजिनिअर बाई राहायच्या. त्यांची आजी अठ्ठ्याण्णव वर्षांची. दुपारी तिच्याजवळ बसायला, तिला इंग्रजी वाचून दाखवायला कुणीतरी हवं होतं.

"म्हणजे म्हातारीची आया?" मी विचारलं.

"बडबड ऐकून घेणारं कुणी तरी मिळेल तुला," आई म्हणाली. "आम्ही दमलो."

झालं उलटंच. दीड वर्ष मीच ऐकत बसले. मी त्यांना मादाम म्हणायचे. दोन महिन्यांपूर्वी त्या गेल्या, तेव्हापासून लोक विचारतात, त्यांनी नेमकं काय केलं? म्हणून हे लिहितेय. आमचं बोलणं इंग्रजीत व्हायचं, इथे मराठीत मांडते.

जर्मन फौज त्यांच्या गावात होती तेव्हा मादाम सोळा वर्षांच्या होत्या. त्यांचं काम लपून राहिलेल्या लोकांसाठी खोटे कागद करायचं. रेशनकार्डं, ओळखपत्रं. उकडलेलं अंडं सोलायचं, गरम असतानाच खऱ्या शिक्क्यावरून हलकेच फिरवायचं. शाई अंड्यावर उतरते. मग तेच अंडं कोऱ्या कागदावर फिरवायचं. मी "शक्यच नाही" म्हणाले, तर त्यांनी स्वयंपाकघरात अंडं उकडायला लावलं आणि नातीच्या ऑफिसच्या शिक्क्यावर मला करून दाखवलं. शिक्का सुबक उमटला. वर म्हणाल्या, "आणि मग पुरावा खाऊन टाकायचा." खरंच खाल्लं त्यांनी, मीठ लावून. तयार कागद त्या सायकलच्या टायरमध्ये घालून न्यायच्या. त्या कागदांवर किती माणसं जगली हे त्यांनी मोजलं नव्हतं.

युद्धानंतर त्या एका जागी टिकल्याच नाहीत. वाळवंटातून ट्रक चालवला, छोटं विमान उडवायला शिकल्या, आफ्रिकेच्या एका बंदरात खाणावळ काढली, तीन लग्नं केली. तिसऱ्या नवऱ्याबद्दल एकच वाक्य: "माणूस चांगला होता, पण दारं आपटायचा."

आणि एक दुपार अशी, की त्यांनी मैत्रिणीचं सांगितलं. वर्गातली मैत्रीण, जर्मनांविरुद्धच्या त्याच छुप्या गटातली. दारूगोळा घेऊन जाणाऱ्या आगगाडीखालचे रूळ तिने उडवले. आठवड्यात पकडली गेली. तिला गोळी घातली तेव्हा ती सतरा वर्षांची होती. मादामनी हे अगदी स्वच्छ सांगितलं होतं. "ती तिकडे, मी इकडे, माझ्याजवळ फक्त अंडं," त्या म्हणाल्या.

पुढच्या मार्चमध्ये आमच्या इथल्या मराठी मंडळाचा महिला दिन होता. सत्कार कुणाचा करायचा यावर दर वर्षी भांडण असतं. मी मादामचं नाव सुचवलं आणि मंडळाचे सेक्रेटरी काका खूश झाले. दुबईच्या जुन्या देरा भागात मसाल्याच्या कंपनीत अकाउंट्स बघतात ते, पण खरी नोकरी मंडळाचीच. "फ्रेंच सत्कारमूर्ती. आजवर कुठल्याच मंडळाला जमलं नाही. मानपत्र तू लिही बाळा, तुझी लेखणी जहाल आहे."

मी मानपत्र लिहायला बसले. तिथे हात जुन्या सवयीने चालला. एक चेहरा, एक गोष्ट. शत्रूच्या आगगाडीला सुरुंग लावणारी रणरागिणी, असं लिहिलं मी. दोघी एकाच गटातल्या, म्हणजे काम एकच, अशी स्वतःची समजूतही घातली. मंडळाने ते छापून, सोनेरी फ्रेममध्ये बसवून आणलं.

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी मी फ्रेम मिरवत मादामकडे गेले.

"काय लिहिलंय? वाच," त्या म्हणाल्या. "एकेक वाक्य. इंग्रजीत."

मी वाचत गेले. रणरागिणीला त्या हसल्या. आगगाडीच्या वाक्याला हसू थांबलं.

"हे पुन्हा वाच."

पुन्हा वाचलं.

"हे मी केलेलं नाही. तुला माहीत आहे."

"मादाम, मानपत्र असंच असतं. थोडं मोठं करून लिहायची पद्धत आहे आमच्यात."

"मला मोठं कर. हवं तर मला जहाजाएवढी कर. पण ते तिचं आहे." त्यांचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. "तिला मूल नाही, घर नाही, म्हातारपण नाही. एवढी एक गोष्ट आहे तिच्याजवळ. तिला ओळखणारी आता मी एकटीच उरलेय. मी ते कागदावर माझ्या नावाने घेतलं, तर उद्या ती कुठे असेल?"

मी फ्रेम उलटी करून टेबलावर ठेवली.

"ते वाक्य असेल तर मी येणार नाही," त्या म्हणाल्या. "आणि तूही येऊ नकोस इथे."

संध्याकाळी मी सेक्रेटरी काकांच्या घरी गेले. ते हॉलमधल्या खुर्च्यांची यादी करत होते.

"आगगाडी काढायची? अगं, लोक आगगाडीसाठीच येणार आहेत. मग उरतं काय?"

"सायकल. आणि उकडलेलं अंडं."

"अंडं? मानपत्रात? अर्धा हॉल सोमवार-गुरुवार पाळतो."

"काका, कार्यक्रम शनिवारी आहे."

त्यांनी चष्मा काढला. मग मी सगळं सांगितलं, मैत्रिणीचंही, आणि मला आधीपासून माहीत होतं हेही. काकांची मुलगी मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, "दॅट्स लाइक स्टीलिंग, दीदी." तेरा वर्षांची आहे. मला झोंबलं, कारण अगदी हेच मी पुण्यात मेसच्या कंत्राटदाराला भर चौकात सुनावलं होतं.

काकांनी यादी बाजूला ठेवली. "हे बघ," ते म्हणाले, "आपल्याकडे मरणोत्तर देता येतं. मागे एका डॉक्टरांना दिलं होतं, घरच्यांनी घेतलं. त्या मुलीला देऊ. तिच्या वतीने घेणारं कुणी आहे का?"

"आहे."

"मग दोन शाली, दोन नारळ. आणि मानपत्रं तू नव्याने लिही. दोन वेगळी. अंडं राहू दे त्यात, काय व्हायचं ते होऊ दे."

शनिवारी मादाम आल्या, व्हीलचेअरवर, नातीबरोबर. आधी मैत्रिणीचं मानपत्र वाचलं. नाव मी त्यांच्याकडून दहा वेळा घोकून घेतलं होतं, तरी काकांनी माइकवर त्याचं पार कोकणी करून टाकलं. मादामना चाललं. मग त्यांचं वाचलं. अंड्याच्या वाक्याला पहिल्या रांगेतल्या, मूळच्या रत्नागिरीच्या एक चाची मोठ्याने म्हणाल्या, "या अल्ला, कसलं डोकं," आणि अख्खा हॉल हसला. माझी कुठलीच रणरागिणी एवढी आवडली नव्हती कुणाला.

स्वतःची शाल मादामनी खांद्यावर घेऊ दिली. दुसरी घेतली आणि घडी न मोडता मांडीवर ठेवली. माइक समोर धरला तर त्यांनी मैत्रिणीचं नाव तेवढं घेतलं, पहिलं आणि आडनाव, सावकाश. हॉलमध्ये बसलेल्या दोनशे माणसांनी आयुष्यात पहिल्यांदा ते ऐकलं.

परतताना गाडी मी चालवत होते, नात मागे, मादाम माझ्या शेजारी, मांडीवर शाल आणि दोन नारळ. तोपर्यंत त्यांनी मैत्रिणीबद्दल आगगाडी आणि गोळी यापलीकडे काही सांगितलं नव्हतं. जबल अलीचा फाटा मागे पडला तशा त्या आपणहून बोलायला लागल्या.

"गणितात ढ होती. माझं बघून लिहायची. शिटी बेसूर वाजवायची. आणि बदकांना घाबरायची, माहीत आहे? रूळ उडवायला एकटी गेली, पण शेतकऱ्याच्या अंगणातून जाताना माझा हात धरायची. मी बदकं हाकलायचे, मग ती पुढे."

बिल्डिंग आली. मी वळले नाही, सरळ पुढे गेले.

"कुठली बदकं?" मी विचारलं. "पांढरी?"

"पांढरी. एक तर भयंकर नालायक होतं," मादाम म्हणाल्या आणि त्याचं सांगू लागल्या.