शटर वर घ्या, तात्या

त्या रविवारी देव दारात आला होता की नाही, हे मला आजही ठामपणे सांगता येत नाही. माझा स्वभाव आधी कामाची नीट व्यवस्था लावायची आणि मग देवाला हात जोडायचे, असा. पण माझी व्यवस्था जिथे संपली तिथून पुढे जे घडलं ते माझ्या हातचं नव्हतं, एवढं मात्र नक्की. म्हणून जसं घडलं तसं लिहिते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बारामतीत माळेगावच्या रस्त्यावर आमच्या महिला ग्राहक संस्थेचं दुकान होतं आणि मी त्याची व्यवस्थापक. किराणा, भांडी, साड्या, सगळं एका छताखाली. गिऱ्हाइकाने आत फिरून स्वतः माल निवडायचा, ही पद्धत तेव्हा नवी होती. त्याबरोबर चोऱ्याही सुरू झाल्या. चोर हातचा सुटता कामा नये, असं संचालक मंडळाने बजावलं होतं. मी लगेच बंदोबस्त ठरवला. साड्यांच्या विभागातल्या शांताने संशय आला की घंटी वाजवायची. दारावरच्या तात्यांनी शटर कमरेपर्यंत खाली ओढायचं आणि आडवी काठी धरून उभं राहायचं. तात्या कळंबचे. जन्म मेंढरांमागे गेलेला, साठीतही खांदे रुंद. रोज सकाळी गल्ल्यावरच्या खंडोबाच्या तसबिरीपुढे दिवा लावून मी एकच मागणं मागायची, ‘मल्हारी, दुकानातून काही जाऊ देऊ नकोस.’

त्या दिवशी दुपारच्या आधीच घंटी वाजली. दोन माणसं साड्यांचा गठ्ठा घोंगडीत गुंडाळून दाराकडे निघाली होती. शटर खडखडत खाली आलं. मी धावत पोचले तोवर त्यातल्या उंच माणसाने सुरा काढून तात्यांच्या पोटाला लावला होता. मागे चार-पाच बायका जागच्या जागी थिजल्या होत्या.

“शटर वर कर, म्हाताऱ्या. पोटात घालीन.”

“घाल की,” तात्या म्हणाले. “पोट माझं हाय, सुरा तुझा हाय. पर साड्या तुझ्या न्हाईत.”

“लई शाना हायेस का?”

“तुझ्यापरीस हाय. बाई, तुमी मागं व्हा. ह्यो जातोय कुठं!”

तात्या जिद्दीचे, आणि तो माणूस कोंडलेला. चोराला अडवायचं कसं याचा मी बारकाईने विचार केला होता. अडवलेल्या माणसाच्या हातात सुरा असेल तर पुढे काय, याचा केलाच नव्हता. तात्यांना मागे या म्हणावं, तर ते ऐकणारे नव्हते. दुकानातून पळ काढणं त्यांच्या लेखी मरणापेक्षा वाईट होतं. मी तसबिरीकडे पाहिलं. काय मागावं तेही सुचेना. ‘आता तूच बघ,’ एवढंच मनात उमटलं.

तेवढ्यात शटरच्या पलीकडे घोळ, खंडोबाच्या वाघ्याची घंटा, वाजली आणि खणखणीत आवाज आला, “येळकोट येळकोट!”

आमच्याकडे ही हाक कानावर पडली की तोंड आपोआप उघडतं, विचार नंतर येतो. बायका म्हणाल्या, शांता म्हणाली, मी म्हणाले, तात्या म्हणाले, “जय मल्हार!” आणि सुरा धरलेला तो माणूसही म्हणाला. म्हणताना त्याचा हात सवयीने छातीकडे वळला आणि सुरा तात्यांच्या पोटापासून वीतभर लांब झाला.

मी म्हणाले, “शटर वर घ्या, तात्या.”

“बाई!”

“घ्या म्हणते ना. रविवारी मल्हारी दारात आलाय, त्याला बाहेर उभं करायचं?”

माझ्या हुकमाने तात्या हलले नसते. त्या नावाने हलले. त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि शटर वर ढकललं. बाहेर एक वाघ्या उभा होता, गळ्यात भंडाऱ्याची पिशवी, हातात घोळ. समोर जो पहिला आला त्याच्या कपाळाला त्याने भंडारा लावला. तो पहिला म्हणजे चोरच. त्यानेही मान वाकवली. मग दोघं चोर घोंगडीसकट रस्त्यावर आले आणि उसाच्या गाड्यांच्या आडून दिसेनासे झाले.

तात्यांनी भिंतीला टेकवलेली काठी पुन्हा हातात घेतली. मी वाघ्याला विचारलं, “बाबा, आत काय चाललंय ते तुम्हाला कळलं होतं का?”

“मला काय ठावं, बाई? दार अर्धं दिसलं. बंद व्हायच्या आत हाक मारावी म्हनलं. माझ्या दिव्याला तेल घाला थोडं.”

त्याची तेलाची बुधली भरून दिली. माझ्या हातून निम्मं तेल बाहेर सांडलं.

हवालदार आले. मी उंची, सदरा, बोलण्याची ढब सगळं क्रमाने सांगितलं. तात्या मधेच म्हणाले, “आन कपाळाला भंडारा.” हवालदारांनी स्वतःच्या पिवळ्या कपाळाला बोट लावलं. “तात्या, आज रविवार हाय. निम्मी बारामती धरून आणू का?” तेव्हा कुठे शांता हसली, आणि हसता हसता रडली.

मंडळाच्या बैठकीत एक संचालिका म्हणाल्या, “सुरा बघून दार उघडून दिलंत?” मी म्हणाले, “होय. पुन्हा वेळ आली तर पुन्हा उघडीन. साड्या परत विणता येतात.” आणि त्याच बैठकीत नवा नियम करून घेतल्याशिवाय मी उठले नाही. हत्यार दिसलं की वाट मोकळी करायची, चेहरा लक्षात ठेवायचा, चौकीला कळवायचं. कुणी आडवं उभं राहायचं नाही. तात्या आठवडाभर माझ्याशी नीट बोलले नाहीत. पुढच्या रविवारी मात्र घरचा भंडारा घेऊन आले, माझ्या कपाळाला लावला आणि म्हणाले, “बाई, नातू पोट चाचपून बघतोय रोज. हाय जाग्यावर म्हंतोय.”

ती हाक योगायोगाने आली असेल. मी वाद घालत नाही. ज्याने पाठवली असेल त्याचे उपकार मानते. शरण जाणं म्हणजे हात टेकणं, असं मला आधी वाटे. नको तिथे अडवून धरलेलं दार सोडून देणं, हेही शरण जाणंच आहे, आणि त्यालाही बळ लागतं.

तसबिरीपुढे दिवा मी अजून लावते. मागणं तेवढं बदललं. ‘मल्हारी, सकाळी आत आलेलं प्रत्येक माणूस संध्याकाळी घरी जाऊ दे.’ त्यानंतर तात्या जितकी वर्षं दारावर होते, तितकी वर्षं शटर पुरतं वर गेलंय की नाही, हे ते काठीच्या टोकाने ठोकून पाहत आणि मगच मला म्हणत, “उघडलं, बाई.”