कंपनीचं गोत्र

बाबूसिंगांचा विश्वास मिळवणं म्हणजे खडकात विहीर खणणं. पुसदजवळच्या त्यांच्या तांड्यात बियाण्याची पिशवी आली तरी ते आधी तिचा वास घेत, मग दुकानदाराचं तोंड आठवत. दूधवाला पाणी घालतो, डॉक्टर कमिशन खातो, जावई चोरून पितो, हे त्यांनी मनाशी ठरवूनच टाकलेलं. निम्म्या वेळा ते खरं निघे, हीच पंचाईत.

नात उज्ज्वलाला आयटीआय झाल्यावर नोकरी लागली ती रेल्वेचे नि मेट्रोचे डबे बनवणाऱ्या एका परदेशी कंपनीत, पार हैदराबादच्या पुढे. सोमवारी हजर व्हायचं होतं. बापाने सांगून टाकलं, आबा हो म्हणतील तरच जायचं. पोरीचा जीव टांगणीला लागला.

बाबूसिंगांना एकच रीत ठाऊक. पोरगी परक्या दारी पाठवायची तर आधी त्या घराचं गोत्र विचारायचं. सोयरिकीच्या वेळी तांड्यात ढाडी येतो, मागच्या पिढ्यांची नावं म्हणतो आणि म्हातारी माणसं कान टवकारून खोट शोधतात. त्यांनी उज्ज्वलाला समोर बसवलं आणि म्हणाले, आता तूच ढाडी, सांग कंपनीचं खानदान.

ती मोबाइलवर वाचू लागली. मूळपुरुष चाकं घडवणारा लोहार. हे ऐकून आबा जरा सैलावले. त्याच्या पोरांनी घोड्यांनी ओढायच्या ट्राम केल्या, पुढे वाफेची इंजिनं. मग कारखाना दुसऱ्याने घेतला, नाव बदललं. मग दोन देशांतल्या कंपन्या एक झाल्या, पुन्हा नाव बदललं. नाव बदलणारा माणूस कोणाला तरी बुडवून आलेला असतो, हे बाबूसिंगांचं ठाम मत. त्यात उज्ज्वला वाचून गेली की इंग्रजांच्या राज्यात ही इंजिनं हिंदुस्थानातही आली. झालं! गावोगाव फिरणाऱ्या बंजारा वाडवडिलांच्या बैलांच्या पाठीवरचं मीठ आणि धान्य ज्या रेल्वेने पळवलं, तिचंच हे घर.

तरी त्यांनी कंपनीच्या माणसाला फोन लावायला लावला. कपिल नावाचा तो पोरगा गोड बोलला. तुमचं मूळ घर कुठलं, असं विचारल्यावर मोठ्या अभिमानाने म्हणाला, आमचं असं एक ठिकाण नाही, आम्ही कितीतरी देशांत आहोत. चोर सापडल्याचा आनंद बाबूसिंगांच्या चेहऱ्यावर मावेना.

"पोरगी जात नाही. आज इथं, उद्या तिथं. ज्याले घर नाही, ठिकाण नाही, त्याचा भरवसा कायचा?"

उज्ज्वलाने भरलेली बॅग उघडली आणि एकेक कपडा बाहेर काढू लागली.

चुलीपाशी बसंतीबाई भाकरी थापत होती. नवऱ्याच्या संशयाला ती जन्मभर हसत आलेली. आज हसली नाही.

"तुमच्या आजाच्या बैलांले गावच्या विहिरीवर पाणी नव्हते पिऊ देत, ते हेच बोलून. तुमचीच माय सांगे."

बाबूसिंगांना शरम वाटली. पानावर बसले, अर्धी भाकरी ठेवूनच उठले. शेवटी नातीकडे न पाहताच त्यांनी सांगितलं, कपडे परत भर.

स्टँडवर बॅग त्यांनीच वाहून आणली. बसचे टायर दाबून पाहिले, ड्रायव्हरच्या तोंडाचा वास येतो का तेही पाहिलं. मग खिडकीशी आले.

"तिथं कोणी इचारन, तू कुठची, तुयं घर कुठं. राग नको धरजो." खिडकीचा गज धरून म्हणाले, "मीबी इचारलंच होतं."